अकरा वाजता ठेवलेली नळी

प्रिय वहिनी,

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध झालं. नंदनवनच्या घरी पंचवीस-तीस पानं उठली. तुमचे भिवापूरचे भाऊ आले होते. त्यांना आग्रह करता करता दादा म्हणाला, "हिच्यासाठी जे करता येत होतं ते सगळं झालं गा. आमचा मधूच होता ना लॅबोरेटरीत. हिच्या रक्ताचा थेंब न् थेंब त्याच्या हातून गेला. त्यानं काही कमी पडू दिलं नाही."

मी समोरच वरणभात कालवत होतो. मान खाली घातली आणि जेवलो. पोटभर जेवलो, वहिनी! भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

म्हणून हे पत्र.

मी डायरी लिहितो याची तुम्ही नेहमी थट्टा करायचात. "एकदा जगता, अन् मंग बसून त्याची नक्कल करता!" खरं आहे. पण तुमच्या आजारातल्या एका दिवसाची नोंद माझ्या हातची दोन ठिकाणी आहे, एक माझ्या डायरीत आणि एक लॅबोरेटरीच्या रजिस्टरमध्ये. त्या दोन नोंदी जुळत नाहीत. वर्षभर मी त्या दोन्हींवर बसून आहे.

तुमचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तुम्ही अठराच्या. सक्करदऱ्याच्या घराच्या दाराशी मी फाटक्या बनियनवर उभा होतो, नाक वाहत होतं. तुम्ही घोटभर पाण्यासाठी मला म्हणालात, "भाऊजी, पानी देता का जी?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी अहो-जाहो केलं. आई हसून म्हणाली, "अवं, पोट्टं आहे ते! मधू म्हण." तुम्ही चौतीस वर्षं म्हटलं नाहीत. तापाने फणफणलेल्या असतानाही नाही. त्या मानाला मी लायक होतो का, हे मी आता विचारतो आहे.

आणि ते कॉलेजातलं प्रदर्शन आठवतं? मी बी.एस्सी.ला होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मी पावाचं खमीर लावलं होतं. तुम्ही पदर सावरून वाकलात, एक डोळा मिटता येईना म्हणून तो तळहाताने झाकलात आणि सगळ्यांसमोर ओरडलात, "भाऊजी, हा तं भिजवलेला साबुदाना!" आमचे प्राध्यापकसुद्धा हसले. मी आठ दिवस तुमच्याशी फुगून होतो. आज कबूल करतो, इतकं अचूक वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

तसाच साबुदाणा पुढे तुमच्या रक्तात सापडला.

तेव्हा तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं, आता सांगतो. रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधांनी तुमच्या वाईट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही संपल्या होत्या. घरात राखणदारच उरला नाही म्हणा ना. कॅन्डिडा नावाची ही बुरशी धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात गुमान पडून असते, कुणाला कळतही नाही. राखणदार गेला की तीच उठते. तुमच्या जिभेवर जो पांढरा थर आला होता तो तिचाच. मग ताप उतरेना. तुमच्या रक्ताची बाटली आमच्याकडे आली आणि चौथ्या दिवशी ती गढूळ झाली.

या बुरशीच्या जाती पुष्कळ आहेत आणि औषध जातीवर ठरतं. तुमच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "अल्बिकन्स जात असेल तर नवीन आलेल्या गोळ्या चालतील. दुसरी असेल तर मुंबईहून इंजेक्शन मागवावं लागेल. ते यांच्या किडनीला सोसणार नाही, त्यामुळे मला खात्री पाहिजे." खात्री मी द्यायची होती.

ती देणारी आमची चाचणी साधी आहे. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी साचतं, ते सीरम. त्यात बुरशीचा कण सोडायचा, अंगाच्या उबेइतक्या गरम पेटीत नळी ठेवायची आणि अडीच तासांनी एक थेंब काचेवर घेऊन बघायचा. अल्बिकन्स असेल तर दाण्याला मटकीसारखा कोंब फुटतो. दुसऱ्या जातीला फुटत नाही. पथ्य एकच. तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उशीर झाला की दुसऱ्या जातींनाही कोंबासारखं काहीतरी फुटतं आणि बघणारा फसतो.

हे सीरम आम्ही लॅबोरेटरीतले कर्मचारीच पाळीपाळीने द्यायचो. त्या आठवड्यात पाळी माझी होती. म्हणजे तुमच्या रक्तातली बुरशी मी माझ्या रक्ताच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी अकरा वाजता. दीडला बघायची होती.

मध्ये वेळ होता. आमच्या हिने तुमच्यासाठी डबा दिला होता, तो घेऊन मी बारा वाजता वर वॉर्डात आलो.

तुम्ही उशीला टेकून बसला होतात. डोक्याला तो निळा रुमाल. तीन आठवडे तोंड आलेलं, त्यामुळे बोलणं जवळजवळ बंद. आणि त्या दिवशी मला बघून तुम्ही एकदम बोलायलाच लागलात!

"काय जी भाऊजी, आज हातात सुई नाई? म्हंजे भ्यायचं काम नाई."

"डबा आणलाय."

"कायचा?"

"पेज आहे. भाताची."

"पेज! मिरचीवाल्या भिवापूरच्या पोरीले पेज! माह्या भावाले सांगू नका बापा. त्याले वाटन, बहिणीच्या घरी तिखट सरलं." मग मला स्टुलाकडे बोट दाखवलंत. "बसा ना जी जरासक. आज मले बरं वाटून राहिलं."

मी बसलो. तुम्ही दोन चमचे पेज घेतलीत आणि विचारलंत, "त्या बुरशीले नावगाव काही हाय का?"

"तेच शोधतोय. आज कळेल."

"चांगलं नाव ठेवजा. माह्याच आंगावर वाढून राहिली, माह्याच घरची झाली ते."

असं वॉर्डातली आयाबाई हसेपर्यंत चाललं होतं. मग तुम्ही दादावर आलात.

"तुमचे भाऊ रोज सहाले येतेत. याच स्टुलावर बसतेत. पिशवी मांडीवर. बोलत नाई, चालत नाई. काल म्या म्हनलं, काय जी, बस चुकली का तुमची?"

"मग काय म्हणाला?"

"काय म्हनन? 'बरं वाटते का?' रोज तेच. मी म्हनतो 'हो'. रोज तेच. दोघंबी खोटे." तुम्ही जरा थांबलात, पाणी घेतलंत. "लग्न झालं तवा ते सायकलवरून शिट्टी वाजवत येत. तुमाले ठाऊक आहे? कोपऱ्यावर असतानीच मले समजे. लय आवडे मले. मंग सासूबाईनं टोकलं असन, बंदच झाली. मी काही बोलली नाई. तवा बोलाले पायजे होतं ना, भाऊजी?"

मी काय उत्तर दिलं ते डायरीत नाही.

"त्याईले सांगजा," तुम्ही म्हणालात. "माह्यानं नाई होत सांगनं. एवढ्या वर्साची बायको अशी गोष्ट सांगते का? तुमी सांगजा."

तुम्हाला डुलकी लागली तेव्हा मी उठलो. खाली लॅबोरेटरीत आलो, पेटी उघडली, थेंब काचेवर घेतला. घड्याळात तीन चाळीस झाले होते.

कोंब दिसत होते. पुष्कळ दाण्यांना होते. पण काही कोंब मुळाशी चिमटलेले होते, वहिनी. खरा कोंब मुळाशी चिमटलेला नसतो. हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवतो. ते चिमटे मला दिसले. दिसले आणि मी काच सरकवून दुसरीकडे बघितलं.

पुन्हा नळी ठेवायला हवी होती. आणखी अडीच तास, इतकंच. पण मग पहिली का फुकट गेली ते सांगावं लागलं असतं. आमच्या विभागप्रमुख मॅडम दारातच उभ्या होत्या. "मधुकरराव, वॉर्डातून दोनदा फोन आला. काय आहे?"

"अल्बिकन्स," मी म्हणालो.

आणि रजिस्टरमध्ये नळी बघितल्याच्या वेळेच्या रकान्यात लिहिलं: दीड.

घरी आल्यावर डायरीत लिहिलं: तीन चाळीस. स्वतःशी खोटं बोलायचं नाही, एवढी नीती माझ्याकडे होती! बाकीच्या जगाशी चालत होतं.

तुम्हाला गोळ्या सुरू झाल्या. ताप हलला नाही. पाचव्या दिवशी दुसरी बाटली गढूळ झाली. तिची नळी मी पेटीपाशी उभं राहून बरोबर वेळेवर बघितली. एकाही दाण्याला कोंब नव्हता. गोल, गुळगुळीत, भिजवलेला साबुदाणा. पुढच्या परीक्षा केल्या, कुठली साखर ती खाते आणि कुठली नाही ते पाहिलं. ट्रॉपिकॅलिस नावाची दुसरीच जात निघाली. मग नळ्यांच्या रांगेत तुमचं औषध वाढत्या प्रमाणात घालून तीत ही बुरशी सोडली. औषध जिंकलं तर नळी स्वच्छ राहते. तुमच्या सगळ्या नळ्या गढूळ झाल्या. शेवटची, सगळ्यात कडक औषधाचीसुद्धा. त्या गोळ्या तिच्यावर चालतच नव्हत्या. पाच दिवस तुम्ही त्या दुखऱ्या तोंडाने गिळत होतात आणि मी रोज विचारत होतो, "गोळी घेतली ना?"

कोंब नाही हे कळताच मी डॉक्टरांना फोन केला, एवढं मात्र केलं. पण काय म्हणालो? "आता दुसरी जात दिसतेय." आता! जणू ती मागाहून शिरली होती. सगळ्यांनी मान डोलावली. असं होतंही कधी कधी. मुंबईहून इंजेक्शन यायला तीन दिवस गेले. त्या इंजेक्शनच्या पहिल्या सलाइननंतर तुम्ही थंडीने इतक्या कुडकुडलात की पलंग वाजत होता. दोन घोंगड्या घातल्या तरी दात थांबेनात. दुसऱ्या सलाइनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

सुरुवातीचे काही महिने मी तुमच्यावर रागावलो होतो, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. का बसवलंत मला? "बसा ना जी जरासक" का म्हणालात? तीन आठवडे गप्प होतात, मग नेमकं त्याच दिवशी कशाला बोललात? मला कामाचा माणूस म्हणून ओळखत होतात ना!

मग एकदा डायरीतलं ते पान पुन्हा वाचलं. वर मी एक गोष्ट गाळली आहे, ती आता लिहितो. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, "जा जी आता, काम असन तुमाले." एकदा पेज संपल्यावर, एकदा शिट्टीच्या गोष्टीआधी. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. भिंतीवर घड्याळ होतं, आणि मी दीडही बघितला, दोनही. मीच उठलो नाही. तुम्ही पूर्वीसारख्या बोलत होतात आणि मला वाटलं, मी उठलो तर हे पुन्हा व्हायचं नाही. चाचणी काय, पुन्हा लावता येईल. हे मनात आलं होतं, वहिनी. पुन्हा लावता येईल हे मला ठाऊक होतं. आणि मग लावली नाही.

म्हणजे बसलो त्याचा गुन्हा नाही. खाली आल्यावर जे केलं त्याचा आहे. एवढं वेगळं करायला मला वर्ष लागलं.

आणि दुसरं, जे मला परवा पंगतीत कळलं. तुमचा निरोप मी दादाला दिलाच नाही! का? कारण तो विचारणार, "कधी बोलली ती हे?" मग दिवस सांगावा लागला असता, वेळ सांगावी लागली असती. ती नळी झाकायला मी तुमचे शब्दही तिच्यासोबत झाकून टाकले. दादा तुमच्या भावासमोर माझं कौतुक करत होता आणि त्याची वस्तू माझ्या खिशात होती.

काल ऑफिस सुटल्यावर नंदनवनला गेलो. दादा चहा करत होता, स्टोव्हला पंप मारत होता.

"दादा, रविवारी तू बोलला ते खरं नाही."

"काय बोललो गा मी?"

मी सगळं सांगितलं. अकरा, दीड, तीन चाळीस. चिमटलेले कोंब. रजिस्टर. गोळ्या. चहा उतू गेला, त्याने स्टोव्ह बंद केला आणि तिथेच पाटावर बसला.

"म्हणजे त्याच दिवशी कळतं तर वाचली असती?"

"माहीत नाही. मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, पेशीच उरल्या नाहीत. कदाचित नसतीच वाचली. पण औषधाला पाच दिवस मिळाले असते. ते मी घालवले."

मला वाटलं, आता उठेल, आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं, हेही लिहून ठेवतो.

"बारा ते साडेतीन," तो म्हणाला. "इतका वेळ काय बोलून राहिली होती ती? माझ्याशी तं हो-नाहीच्या पुढं जात नव्हती."

मग मी तेही सांगितलं. पेज, भिवापूर, बुरशीचं नाव. स्टूल आणि पिशवी.

"बस चुकली का? हे तुले सांगितलं तिनं?" आणि दादा हसला. खरंच हसला, वहिनी! वर्षभरात मी त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. "माझ्यासमोरच म्हणाली होती. मले वाटलं तापात बडबडून राहिली."

मग मी शिट्टीचं सांगितलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"आईनं कुठं टोकलं? मीच बंद केली. मी कोपऱ्यावर वाजवली का ही ओसरीवरून उठून आत निघून जाये. मले वाटलं हिले आवडत नाही."

"लाजत असेल."

"हो ना. आता समजते." त्याने गुडघ्यावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. "अन् हे तुले वर्षभरापासून माहीत आहे."

"हो."

"तुह्या बुरशीचं मले काही समजत नाही गा, मधू. ते तुह्या मॅडमले समजते, डॉक्टरले समजते. त्यात माणसाची चूक होते. पण हे? हे तं तुले नुसतं येऊन सांगाचं होतं."

मी उठून पायात चपला सरकवल्या.

निघताना त्याने दारात मला थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "लिहून दे. तुह्या वहीत आहे ना? ती जशी बोलली तसं. तुही पुस्तकी मराठी घालू नको त्यात." आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मधुकरराव, आता एका वर्षानं कशाला?" मी म्हटलं, "दरवर्षी नवी मुलं याच रजिस्टरवरून शिकतात." त्यांनी पान काढून दिलं. म्हणाल्या, "खोडताना एकच रेघ ओढा. जुनं वाचता आलं पाहिजे." मी 'दीड'वर एक रेघ ओढली, शेजारी 'तीन चाळीस' लिहिलं, खाली सही केली. पुढे काय कारवाई व्हायची ती होईल. त्या म्हणाल्या वर कळवावं लागेल, मी म्हटलं कळवा.

वहिनी, मी तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही तिथल्या तिथे देऊन टाकाल, "जाऊ द्या जी भाऊजी" म्हणून, आणि मी पुन्हा जेवायला बसेन.

त्याऐवजी शब्द देतो. या रविवारी दादासाठी ते पान उतरवून काढेन. तुमचे शब्द जसेच्या तसे, एकही सारखा न करता. त्याच्याबद्दल जे बोललात ते गाळणार नाही, त्याला लागलं तरी. मला दोनदा "जा जी" म्हणालात तेही गाळणार नाही. आणि पानाच्या माथ्यावर वेळ लिहीन: बारा ते साडेतीन. तो कागद मी पोस्टात टाकणार नाही, कुणाच्या हाती पाठवणार नाही. स्वतः नेईन. दादाने दार उघडलं नाही, तर उघडेपर्यंत ओसरीवर बसेन.

तुमचा दीर,
मधुकर